टेकाळे सरांचा किमान वाटा

अन्याय झाला तो भास्कर टेकाळे या माणसावर. झाला गेल्या बुधवारी, दुपारच्या चहाला, पैठणात, आणि कप अजून ओठाला लागायचा होता. हे मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढं या माणसाविषयी वाचताना तुम्ही हसणार आहात, आणि हसलेला माणूस अन्याय विसरतो, हा माझा पत्रकं वाटण्यातला अनुभव आहे.

टेकाळे सरांना रांगेत उभं राहता येत नाही. म्हणजे ते उभे राहतात, पण मग रांग जाग्यावर राहत नाही. गारखेड्यात त्यांच्या घराखाली किराणा दुकान आहे. सर पिशवी घेऊन उतरले की दुकानदार कपाळाला हात लावतो.

"तुमचं काय? महिन्याचं सामान? मग दमानं घ्या," सर पुढच्या माणसाला सांगणार. "या ताईंना एक काडेपेटी पाहिजे, त्यांना आधी सोडा. मग तुमची साखर. साखर झाली की थांबायचं. मग हे बाबा. मग तुमचं गोडंतेल."

"अहो, मी पहिला आलोय!"

"पहिले आलात म्हणजे दुकान विकत घेतलं काय? गर्दी तुमची अन् शिक्षा काडेपेटीला?"

काडेपेटीवाल्या ताई दुवा देत जातात. महिन्याचं सामान घेणारा तणतणतो. शेवटी दुकानदारानंच हात जोडले. म्हणाला, "सर, फोनवर सांगत जा. घरपोच पाठवतो, वर गूळ फुकट. फक्त तुम्ही खाली येऊ नका." सर अजून जातात. गूळही घेत नाहीत.

तर हा माणूस वेडा नाही. हाच त्याचा धंदा आहे.

वाळूजच्या रस्त्याला एक इमारत आहे. खाली स्प्रिंगा बनवतात, वर आम्ही नेटवर्क कार्डं बनवतो. आता नेटवर्क कार्ड म्हणजे काय ते ऐका, कारण अन्याय तिथंच झालाय. तुमच्या पोराच्या क्लासचा व्हिडिओ, तुमच्या पतसंस्थेचा हिशोब, तुमच्या दुकानाची वेबसाइट हे काही आभाळात राहत नाही. कुठल्यातरी शहरात थंडगार हॉलात मशीनी रचून ठेवलेल्या असतात. त्याला डेटा सेंटर म्हणतात. एकेका मशीनमध्ये पुष्कळ भाडेकरू. खोल्या वेगवेगळ्या, पण बाहेर पडायचं दार एकच. ते दार म्हणजे आमचं कार्ड, तळहाताएवढी हिरवी पाटी. एखाद्या बड्या भाडेकरूनं दारात ट्रक आडवा लावला, की बाकीचे आत कोंडले.

सरांनी आखलेल्या कार्डात प्रत्येक भाडेकरूची रांग वेगळी आहे, आणि प्रत्येक रांगेला एक किमान वाटा आहे. ट्रक येऊ दे नाहीतर आगगाडी येऊ दे, बारक्या भाडेकरूचा तेवढा वाटा कुणाला खाताच येत नाही. कारण तो वाटा चिपच्या सर्किटातच बसवलाय.

"सर्किटात नसंल तर ते आश्वासन झालं," सर म्हणतात. "आश्वासनं काय, निवडणुकीत पण मिळतात."

आमची चिप सर्किट बदलता येणाऱ्या जातीची आहे, हेही इथं नाइलाजानं सांगावं लागतं. पुढं कळेलच का ते.

मी इथं कशी आले? मी पत्रकं लिहीत वाढलेली मुलगी. हॉस्टेलचं पाणी, एसटीचा पास, शिष्यवृत्ती, जिथं अन्याय तिथं माझं पत्रक. असलंच एक पत्रक सरांच्या हाती पडलं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर ते मोठ्यानं वाचलं.

"विशेषणं लई झाली. पण राग बराबर पोचतो. आमच्या कार्डाचं माहितीपुस्तक लिहिशील का?"

"सर, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही येत नाही."

"राग येतो ना? बाकीचं मी शिकवतो."

तेव्हापासून मी त्यांची पत्रकबाई. सकाळी आत शिरले की हाक ठरलेली, "काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?" माहितीपुस्तकाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, 'हे दार कुणाच्या बापाचं नाही.' सरांनी त्यावर मोठी बरोबरची खूण केली. आमचे मालक सराफ साहेब यांनी ते खोडून 'हे कार्ड कार्यक्षम व विश्वासार्ह आहे' असं घातलं. सर म्हणाले, "असं तर पंख्याच्या खोक्यावर पण असतं."

आमच्या लॅबमध्ये चाचणीसाठी खोटे भाडेकरू सोडतात. त्यांची नावं सरांनी ठेवलीत. एकदम दंगा करणारा, सगळी वाट अडवणारा जो भाडेकरू आहे, त्याचं नाव जावई. "जावई आला की घरातलं समदं काम थांबतं का नाय? मग!" क्वचित एखादा बारका निरोप पाठवणारी ती बारकी. चाचणी सुरू झाली की सर टाचा उंचावून ओरडतात, "सोडा जावयाला! अजून सोडा! बारकीचं काय झालं? गुदमरली का जिवंत हाय?" एकदा कुरिअरवाला दारात आला, त्यानं एवढं ऐकलं आणि पाकीट उंबऱ्यावर ठेवून सही न घेता पळाला.

चाचणीचं काम बघतो नदीम. त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. दस्तरखान अंथरलेला, नान आणि मटणाच्या रश्शाचा खलिया आलेला, वास असा की मी निषेध-बिषेध सगळं विसरले. वाढणारी मंडळी मात्र नवऱ्याकडच्या वजनदार पाहुण्यांपाशीच घोटाळत होती. कोपऱ्यात मांडव घालणारे गडी बसले होते, त्यांच्या ताटांत नुसते नान. सरांचा घास हातातच राहिला. ते उठले, वाढणाऱ्याच्या हातातलं पातेलं घेतलं आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. प्रत्येकाला एक पळी, मग पुढचा. दुसरी पळी पाहिजे असेल तर पूर्ण फेरी झाल्यावर. नवऱ्याच्या मामांनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं, तर सर म्हणाले, "फेरी होऊ द्या, मामा."

नदीमच्या चच्चांनी कानात विचारलं, "ये साहब किस तरफ के मेहमान हैं रे?"

नदीम म्हणाला, "चच्चा, ये किसी तरफ के नक्को समझो. ये बीच के हैं."

पातेलं रिकामं झालं आणि सरांना स्वतःला खलिया मिळालाच नाही. कोरडा नान चावत मला म्हणाले, "वाटप करणाऱ्याची रांग धरायची राहिली बघ. डिझाइनमधली चूक हाय."

अशा माणसाला सांभाळणं सोपं नाही, हे मी सराफ साहेबांच्या बाजूनं मान्य करते. पण एवढंच मान्य करते.

आता बुधवार. सरांच्या टेबलावर एक बारका नारिंगी दिवा आहे. दिवसभर लुकलुकतो. आम्ही सगळे समजत होतो की चाचणीचा असेल. बुधवारी सकाळी मोठं गिऱ्हाईक आलं होतं, एक डेटा सेंटरवाली कंपनी. आमची काही कार्डं त्यांच्याकडं आधीच चालू आहेत. ती पसंत पडली तर मोठी ऑर्डर मिळणार. काचेच्या खोलीत सगळे बसले. सर उभे राहून रांगांचं चित्र समजावत होते, आणि काचेतून त्यांची नजर सारखी आपल्या टेबलाकडं जात होती. बोलता बोलता एकदम थांबले.

"दिवा," सर म्हणाले.

"टेकाळे, पुढं बोला," सराफ साहेब म्हणाले.

"दिवा थांबला."

आणि सर निघाले. पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून, चहाचा ट्रे ओलांडून, थेट जिन्यानं खाली. मी मागं पळाले. खाली ते माझ्याच स्कूटीपाशी उभे होते.

"पैठणला सोडतेस का? आक्काचं काहीतरी झालंय."

वाटेत मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. पैठणात एकटी राहते, हातमागावर पैठणी विणते. सरही गारखेड्यात एकटेच. दोघांचं फोनवर बोलणं होतं, पण ते असं: "जेवली का?" "जेवले. तू?" "जेवलो." "ठेवू?" "ठेव." पुढं दोघांनाही सुचत नाही. म्हणून सरांनी आक्काच्या मागाला एक बारकं यंत्र लावलं. विणताना सुतावर फणीचा ठोका मारतात. एक ठोका पडला की एक निरोप निघतो. तो निरोप त्या गिऱ्हाइकाच्या डेटा सेंटरमध्ये, आमचं कार्ड बसवलेल्या मशीनवर, सरांनी भाड्यानं घेतलेल्या सगळ्यात स्वस्त खोलीत जातो आणि तिथून सरांच्या टेबलावर येतो. दिवा लुकलुकला, म्हणजे आक्का मागावर बसलीय.

म्हणजे बारकी खरीच होती.

पैठण रस्त्यावर मी आयुष्यात चालवली नव्हती तशी गाडी चालवली. एक उसाची ट्रॉली सगळा रस्ता अडवून चालली होती, तरी सर काही बोलले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

घराचं दार उघडंच होतं. आत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आक्का बसलेली, आणि ठक, ठक, ठक, फणी चालू.

तिनं मान वर केली. "काय रे भास्कर, ऑफिस जळालं काय?"

सर तिच्या फणीवरच्या हाताकडं बघत उभे.

"असा काय बघतोस? मेले असं वाटलं व्हय तुला?"

"दिवा थांबला होता, आक्का."

"मग तुझा दिवा खराब असंल. मी सकाळपासनं ठोकतेय!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बस गं बाई. हा लहानपणी बी असाच. शेळी जरा आडोशाला गेली की वाघानं नेली म्हणून गाव गोळा करायचा."

आक्कानं चहा केला. सरांनी कप उचलला आणि फोन वाजला. सर फोन नेहमी सगळ्यांना ऐकू येईल असाच लावतात. एकट्यानं ऐकणं म्हणजे त्यांच्या मते लाइन अडवणं. त्यामुळं हा अन्याय आक्कानं आणि मी दोघींनी समक्ष ऐकला.

"टेकाळे, तुमच्याशिवाय झालं सगळं नीट," सराफ साहेब म्हणाले. "सकाळीच मी त्या मशीनवर सर्किटाची दुसरी आवृत्ती चढवून घेतली होती. किमान वाटा काढून. बड्या भाडेकरूचा वेग बघून पाहुणे खूश झाले. आता ऑर्डर तशीच जाईल. उद्यापासून तुम्ही चाचणीला बसा, कार्डाच्या डिझाइनला हात लावायचा नाही."

सरांनी कप खाली ठेवला. किमान वाटा ज्यानं घातला, त्यालाच दिवा थांबल्यावर तो वाटा कुणी काढला असेल हे सुचलं नव्हतं! आक्का ठोकत होती, निरोप निघत होते, पण दारात जावई आडवा उभा होता. बारकीचे निरोप आत कोंडून कोंडून टाकून दिले जात होते. असं लॅबमध्ये झालं असतं, तर सरांनी घास चावता चावता सांगितलं असतं. पण आक्काचं नाव आल्यावर त्यांना तिच्या जिवाशिवाय दुसरं काही दिसलं नाही.

"साहेब, त्यात बारके भाडेकरू मरतात हो," सर म्हणाले.

"आजवर एका तरी भाडेकरूनं किमान वाटा मागितलाय का? एक दाखवा. गिऱ्हाईक मागत नाही ती गोष्ट मी कशाला देऊ? मागितली तर देईन की!"

फोन बंद झाला. सर उठून अंगणात गेले. यंत्र तपासतो म्हणाले, पण यंत्र तर आत मागाला होतं.

मी तावातावानं बोलायला लागले, की हे चालणार नाही, मी पत्रक काढते. आक्कानं मला हातानंच गप्प केलं.

"हळू बोल. तुला एक सांगते, त्याला सांगू नको." तिनं मागावरचं फडकं बाजूला केलं. मागावर सूतच नव्हतं. ना रेशीम, ना जर. नुसता लाकडाचा सांगाडा आणि फणी.

"डोळ्याला बारीक दिसंना आता. मोर काढायला गेले अन् त्याचा कावळा झाला. मग सोडून दिलं."

"मग तुम्ही सकाळपासून..."

"नुसतीच ठोकते की. सकाळी बसते, चहा पिऊन परत बसते. नाय ठोकलं तर हे येडं नोकरी सोडून हितं येऊन बसंल. बघितलंस ना आज? एक दिस दिवा इझला तर कसं धावत आलं!" आणि हसली. हसताना तिनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, डोळ्यातनं पाणी येतं, औषध चालू हाय.

परतीच्या वाटेवर सरांनी रसवंतीपाशी गाडी थांबवायला लावली. रस येईपर्यंत मी फुगून बसले होते. पोटात गुपित मावत नाही, हा पत्रकवाल्यांचा जुना रोग. पण मी शब्द दिला होता.

सरच म्हणाले, "दाखवला का तिनं रिकामा माग?"

मी गारच पडले. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"कधीचंच. अगं, पैठणी विणताना ठोका एकसारखा येत नाय. नक्षी आली की धागे हातानं भरावे लागतात, तिथं लई वेळ थांबते बाई. मग दोन ठोके, मग परत थांबते. मोर आला की दिवा किती वेळ गप बसायचा! मी इकडं बसून सांगायचो, आता मोर चाललाय, आता नुसता काठ. अन् एक दिवस दिवा सरळ लुकलुकायला लागला. ठक, ठक, ठक. मोर नाय, वेल नाय, काय नाय. तेव्हाच कळलं."

"मग बोलत का नाही तिला?"

सरांनी रसाचा ग्लास आधी माझ्यापुढं सरकवला.

"मला कळू नये म्हणून ती एवढी ठोकते. मग मला कळून कसं चालंल?"

गुरुवारपासून सर चाचणीला बसतात. नदीमच्या शेजारची खुर्ची. नदीमला इतकी लाज वाटते, की तो स्वतः उभ्यानं काम करतो. नारिंगी दिवा आता कधी लागतो, कधी नाही. त्या मशीनवर बड्या भाडेकरूला झोप आली की लागतो. नदीम म्हणाला, "सर, दुसऱ्या कंपनीत खोली घ्या ना. आक्काचे निरोप तरी सुखानं येतील."

"मी पळालो तर त्या मशीनवरच्या बाकीच्या बारक्यांचं काय?" सर म्हणाले. "त्यांना तर ठाऊक पण नाय की आपण कोंडलोय म्हणून." आणि परवाच्या रविवारी एसटीनं पैठणला जाऊन आले. यंत्र तपासायला म्हणे. जाताना जिलेबी नेली. यंत्राला जिलेबी कधीपासून लागायला लागली, ते मी विचारलं नाही. आक्कानंही विचारलं नसणार.

ऑर्डर अजून गेलेली नाही. कार्डांची पेटी भरायची आहे, कुठली आवृत्ती चढवायची ते ठरायचं आहे. सराफ साहेबांना मी जाऊन भेटले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा एकच मुद्दा आहे, कुणी मागत नाही. तो मुद्दा खरा आहे, आणि मला त्याचाच राग आहे. कारण मागायचं कुणी? ज्यांना आपण भाडेकरू आहोत हेच माहीत नाही, त्यांनी?

म्हणून हे तुमच्यासाठी. तुमचं दुकान, तुमचा क्लास, तुमची पतसंस्था, तुमच्या गावाकडच्या माणसाची ख्यालीखुशाली ज्या मशीनमध्ये राहते, तिचं भाडं तुम्ही भरता. ज्यांना भाडं भरता त्यांना आज विचारा, "गर्दी झाली तर माझा किमान वाटा किती? आणि तो तुमच्या बोलण्यात आहे की सर्किटात?" ते गडबडतील, वरच्या साहेबाकडं पाठवतील. त्या साहेबालाही हेच विचारा. उत्तर लेखी घ्या. पेटीला खिळे ठोकायच्या आत, एका तरी भाडेकरूनं मागितलं हे सराफ साहेबांच्या कानावर गेलं पाहिजे.

तो एक भाडेकरू तुम्ही व्हा. मागा.